भियालेल्यांचो मेस्त्री

"भियालास मां? बरा झाला."

आमच्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवल्यावर मेस्त्रीचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, पाणी नाही. मी काही बोललोही नव्हतो, पण मी भ्यालोय हे त्याला लांबूनच दिसलं. कारण मी कॉम्प्युटरवर गोधडी पांघरून ठेवली होती.

ती गोधडी का, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझी लाज काढायला तुम्हाला सोपं जाईल. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात सगळ्याला बुरशी धरते. म्हणून कपड्यांच्या कपाटात एक चाळीसचा बल्ब पेटता ठेवायची पद्धत आहे. त्या श्रावणात आमचा कॉम्प्युटर अडकायला लागला. माउस हलेना, घड्याळ पुढे सरकेना, पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थिजून जाई. मी विचार केला, दमटपणा. दुसरं काय असणार? मग डब्याची एक बाजू उघडून आत बल्ब सोडला, वरून गोधडी घातली आणि चार दिवस त्याला छान ऊब दिली. पाचव्या दिवशी तो सुरू झाल्यावर दोन मिनिटांतच अडकू लागला आणि आतून टिक टिक असा आवाज येऊ लागला. मला वाटलं, पाल. पाल चुकचुकली की आपण म्हणतो ते खरं होतं, म्हणून मी दोन वेळा "होतला बरा" असंही म्हणून घेतलं.

त्याने गोधडी काढली, बल्ब पाहिला, आणि डब्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. पोराचा ताप बघावा तसा.

"मास्तर, अंडी घातली होतात काय हेच्यात?"

मी बल्ब बाहेर काढला. बायकोने आतून चहाचं विचारलं. "काम झाल्याशिवाय चाय नको वयनी," तो म्हणाला. त्याचा हात थरथरत होता. मला वाटलं, सवय असेल, वय असेल. नंतर कळलं, तो भीतीने थरथरत होता. दरवेळी थरथरायचा.

त्याचं नाव मी लिहीत नाही. आपलं नाव कुठे लिहिलेलं त्याला आवडत नसे. कसालच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानामागे त्याची खोली होती, तिच्यावरसुद्धा पाटी नव्हती. "नाव लिवला काय लोक धरतत," म्हणायचा. आम्ही सगळे त्याला मेस्त्री म्हणत असू. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला मेस्त्री म्हटलेलं शहरात हसतील, पण आमच्याकडे पंप, होडी, छप्पर किंवा दात दुरुस्त करणारा प्रत्येक जण मेस्त्रीच.

तुम्हीही काही भित्री माणसं पाहिली असतील. पण भीती इतकी नीटनेटकी ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो मोटारसायकलवर बसत नसे, एसटीने येई, आणि एसटीतही ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, "आधी तो भियातलो म्हणान." जन्म समुद्रकाठचा, बाप होडी चालवणारा तांडेल. पण लाटांच्या आवाजाने झोप लागत नाही म्हणून हा तिथून उठून आत कसालला राहायला आला. मांजराला भ्यायचा. नव्या स्क्रू ड्रायव्हरला भ्यायचा. "काय एक होऊचा नाय, करा बिनधास्त" असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तर सगळ्यांत जास्त.

आणि विजेला. तेच मला त्याच्याबद्दल पहिल्यांदा कळलं होतं, त्याला पाहण्याच्याही आधी. आमच्या शाळेत एकदा ढग गडगडायला लागले आणि आमचे चित्रकलेचे सर फोन कानाला लावून शिक्षकांच्या खोलीत उभे. दुसऱ्या हातात कॉम्प्युटरचा प्लग, वायर लोंबतेय, आणि गंभीरपणे फोनवर म्हणतायत, "हातात आसा. होय, हातात आसा."

मी विचारलं, "कोण होता?"

"मेस्त्री. गडगडला काय फोन करता. काढलंय म्हटला तर आयकणा नाय. प्लग हातात घेऊन सांगूचो लागता."

तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. श्रावणात त्याच सरांकडे मी त्या माणसाचा नंबर मागितला, तेव्हा हसू येत नव्हतं.

आता भीतीचं खरं कारण सांगतो. ते कॉम्प्युटरचं नव्हतं. कॉम्प्युटर काय, नऊ वर्षांचा, मुलाने पुण्याला जाताना मागे टाकलेला. कारण त्यातला एक फोल्डर होता. नाव 'म्हाताऱ्यो'.

तो माझ्या बायकोचा. ती बालवाडीत शिकवते. सहा वर्षांपूर्वी गणपतीत फुगड्या चालल्या असताना तिच्या लक्षात आलं की तरण्या बायका दोनच गाणी पुन्हा पुन्हा म्हणतायत आणि भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या ओठातल्या ओठात तिसरं काहीतरी म्हणतायत. दुसऱ्या दिवसापासून ही मोबाईल घेऊन त्यांच्या मागे लागली. गोठ्यात, पडवीत, विहिरीवर. नऊ म्हाताऱ्या. कोण गाता गाता शेजारणीला शिव्या घाली, कोण मध्येच रडे, कोंबडे आरवत. ही सगळं साठवत गेली. मोबाईल भरला की कॉम्प्युटरमध्ये टाकायचं आणि मोबाईल रिकामा करायचा. नऊपैकी तिघी आता नव्हत्या. तिघींतली एक इन्सुलीची माझी सासू, हिची आई.

मुलगा फोनवरून म्हणाला होता, "बाबा, त्याची कॉपी ठेवा हं." नेटवर चढवायची सोय आमच्याकडे नाही; घरात फोन लागतो, पण नेटची रेंज येते ती विहिरीच्या काठावर, आणि तिथे कॉम्प्युटर नेता येत नाही. तेव्हा मी पेनड्राइव्ह आणला. पडद्यावरचं ते फोल्डरचं चित्र उचललं, पेनड्राइव्हमध्ये टाकलं. क्षणात झालं. इतक्या झटकन झालं याचं मला कौतुक वाटलं, शंका आली नाही. बायकोने तो पेनड्राइव्ह हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. वर्षभर त्याची पूजा झाली.

कॉम्प्युटर टिकटिकायला लागल्यावर मी तो पेनड्राइव्ह गुपचूप खिशात घालून शाळेत नेला आणि तिथल्या कॉम्प्युटरला लावला. आत एकच चित्र. कोपऱ्यात छोटा वाकडा बाण. दाबलं, तर उत्तर आलं की अशी वस्तू इथे नाही.

वर्गात पोरं होती. मी त्यांना मोसमी वारे शिकवायचे सोडून वाचन करायला सांगितलं आणि खिडकीत जाऊन उभा राहिलो. पेनड्राइव्ह परत देव्हाऱ्यात ठेवला. त्यानंतरचे दोन दिवस मी घरात फार गोड वागलो. पाणी भरलं, नारळ सोलले. बायको म्हणाली, "काय झाला तुमका? बरा नाय काय?"

माझा बेत साधा होता. मेस्त्री येईल, डबा उघडेल, पाच मिनिटांत ठीक करेल, आणि रिकाम्या पेनड्राइव्हची गोष्ट माझ्याबरोबरच सरणावर जाईल.

पण त्या माणसाची काम करायची एक पद्धत होती.

"वयनीक बोलवा," तो म्हणाला. स्क्रू ड्रायव्हर पिशवीतच.

"तिका कशाक? ती जेवणात आसा."

"बोलवा. आणि गाऱ्हाणा घाला."

आमच्याकडे कुठलंही मोठं काम असलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मोठ्याने बोलायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. घर बांधताना, होडी पाण्यात लोटताना, लग्नात. कॉम्प्युटर उघडताना मी ऐकलं नव्हतं.

"तुमीच घाला मेस्त्री."

"माझा काय हा हेच्यात? तुमचा आसा. आत काय काय आसा ता एकेक नाव घेऊन सांगा. काय गेला तर तुमी रडतालास, ता सगळा. मगे मी हात लावतंय."

बायको पदराला हात पुसत आली आणि हात जोडून उभी राहिली. तिला त्यात काही विचित्र वाटलं नाही. मी घसा साफ केला आणि शाळेतल्या आवाजात सुरू केलं, "हे देवा महाराजा, आज रोजी या ठिकाणी..."

"मास्तर, देव काय परीक्षेक बसूक नाय. घरात बोलतास तसा बोला."

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "ह्या डब्यात माझ्यो नववीच्यो प्रश्नपत्रिका आसत."

"व्हय म्हाराजा!" दोघं.

"पुण्याच्या झिलाचे कॉलेजातले फोटो आसत."

"व्हय म्हाराजा!"

"घराच्या कागदांचे फोटो आसत, जागेच्या नकाशाचो एक आसा..."

"व्हय म्हाराजा!"

मला आणखी आठवेना. म्हणजे आठवत होतं एकच. मी प्रिंटरचाही उल्लेख करून पाहिला. शेवटी बायकोच म्हणाली, "आणि माझ्यो म्हाताऱ्यो."

मेस्त्री 'व्हय म्हाराजा' म्हणाला नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. "आवाज आसत काय? जित्या माणसांचे?"

"सहा जित्यो आसत. तिघी गेल्यो."

"दुसरी कॉपी?"

"आसा तर!" ती किती विश्वासाने बोलली. "ह्यांनी घेतलेली आसा. देवाकडे ठेवलंय." आणि तिने देव्हाऱ्यातून तो पेनड्राइव्ह आणला, हळदकुंकवासकट, आणि त्याच्या हातावर ठेवला.

मी जमिनीकडे बघत होतो. मेस्त्रीने पेनड्राइव्ह बघितला, मग मला बघितलं. त्याला सगळं समजलं असावं. पण पेनड्राइव्ह त्याने लावला नाही. मुठीत धरून तसाच उभा राहिला. "मास्तर," तो अगदी हळू म्हणाला, "गाऱ्हाणा अजून संपूक नाय हां. अर्ध्या गाऱ्हाण्यात खोटा बोलाचा नाय."

बाहेर वळचणीचं पाणी पडत होतं. माझे हात जोडलेलेच होते.

"बा देवा म्हाराजा," मी म्हणालो, "तो पेनड्राइव्ह रिकामो आसा."

"व्हय म्हाराजा," मेस्त्री सवयीने बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

बायकोने जोडलेले हात सोडले. मग मेस्त्रीने तिला समजावलं, माझ्याकडे न बघता. "वयनी, ह्यांनी फोल्डर घेऊक नाय. फोल्डराकडे जाऊची पाटी घेतल्यानी. हमरस्त्यार 'कसाल' म्हणान पाटी आसता मां? ती उपटून घराक हाडल्यानी. कसाल थयच रवला."

ती आत गेली. आत एखादं भांडं आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तीस वर्षांच्या संसारात भांड्यांचे आवाज मला ओळखता येतात. कुठला पाच मिनिटांचा, कुठला दोन दिवसांचा. पण आवाजच नाही. मी आणि मेस्त्री दोघेही दाराकडे बघत उभे. तोही भ्यालेला, मीही.

ती परत आली ती वही घेऊन. कुठल्या म्हातारीचं कुठलं गाणं, सगळं तिने लिहून ठेवलं होतं. खुर्ची ओढून कॉम्प्युटरशेजारी बसली.

"सांगा मेस्त्री. काय करूचा?"

त्याने डबा उघडला, आतली डिस्क सोडवली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. स्क्रू ड्रायव्हर स्क्रूला लागला तसा त्याच्या हाताचा थरकाप थांबला. टेबलफॅन मागवून तिच्यावर वारा सोडला. आवाज ऐकला. टिक. टिक.

"पाल?" मी म्हटलं.

"पाल न्हय. डिस्कच मराक टेकली हा." मग बायकोला, "वयनी, हिचो जीव किती वेळ रवात सांगूक येवचा नाय. एकेक फाईल काढतंय. अडाकली काय बंद करून थंड करूची, मगे परत. पयली कोण, दुसरी कोण, ता तुमी सांगा. माका सांगू नका 'सगळी'."

मी ओळखून होतो ती काय म्हणणार. पण ती म्हणाली, "पयली भागीकाकी."

भागीकाकी म्हणजे ओहोळापलीकडे एकटी राहणारी बाई. मूलबाळ नाही. मेली तेव्हापासून घराला कुलूप.

"अगो," मी न राहवून म्हणालो, "तुझी आई?"

"आईक मी आसंय," ती म्हणाली. "भागीकाकीक कोण आसा?"

मेस्त्रीने मान खाली घातली आणि भागीकाकीची पहिली फाईल उचलली.

सकाळच्या दहापासून ते चाललं. पडद्यावर एक हिरवी पट्टी सरकत असे आणि आम्ही तिघं श्वास धरून तिच्याकडे बघत असू. मध्येच पट्टी थांबे. माउस थिजे. मेस्त्री हात वर करी, म्हणजे कुणी हलायचं नाही. मग बंद करून अर्धा तास पंख्याखाली. फाईल आली की तो थोडीशी वाजवून बघे, खरंच आली की नुसती पाटी आली. वाजवताना माझ्याकडे बघे. भागीकाकीची चारही आली. मग सुंदरआते, गेलेल्यांतली दुसरी, तिची गाणी कमी आणि सुनेची गाऱ्हाणी जास्त, तीही सगळी वाचली.

डिस्क थंड होत असताना एकदा मी विचारलं, "मेस्त्री, भिणाऱ्या माणसाक तुमी बरा झाला म्हणतास, ता कित्या?"

त्याने पंखा डिस्कच्या आणखी जवळ सरकवला. मग सांगितलं. धंदा नवा होता तेव्हा तो कशालाच भीत नसे. पिंगुळीकडे एका घरी गेला. कॉम्प्युटर असाच अडकत होता. घरातला म्हातारा विचारत होता, आतलं काही जाणार नाही ना? "मी म्हटलंय, काय भियाचा नाय, काका. आणि सगळा पुसून नवा घातलंय. दहा मिनटात काम. काकाच्या लेकीचे फोटो होते. चेडू आदल्या वर्षी गेला होता. तेचे दुसरे खंय नव्हते."

"मगे?"

"मगे काय? एक शब्द बोलले नायत. माका चाय दिल्यानी. शिवी घातली असती तर बरा झाला असता. ती चाय माका अजून गिळूक येणा नाय."

बायको वही मिटून त्याच्याकडे बघत होती. मी बायकोकडे बघितलं आणि भांडं न आपटणं म्हणजे काय ते मला आणखी थोडं कळलं.

दुपारी तीनच्या सुमारास हिच्या आईची पाळी आली. तीन गाणी. पहिलं आलं. मेस्त्रीने वाजवलं. सासूबाईंचा तो बारीक, किंचित नाकातला आवाज आमच्या पडवीत भरला. गाणं रंगात आलं आणि मागून कुणीतरी खणखणीत विचारलं, "चाय होतली काय गो?"

तो मी होतो. तीन वर्षांपूर्वीचा.

"ह्या पण वाचला," बायको म्हणाली. गाऱ्हाण्यानंतर माझ्याविषयी तिचं हे पहिलं वाक्य.

दुसरं आलं. तिसऱ्याची पट्टी अर्ध्यावर गेली आणि थांबली. मेस्त्रीने हात वर केला. आम्ही थांबलो. मग लक्षात आलं, टिकटिक बंद झालीय. इतका वेळ त्या आवाजाला भीत होतो. आता तो नाही म्हणून भ्यालो. त्याने बंद केलं, थंड केलं, पुन्हा लावलं. तळहात ठेवला. पुन्हा. वायर बदलली. चौथ्या वेळी त्याचा हात पुन्हा थरथरायला लागला.

"वयनी, माका जमला नाय."

डिस्कमध्ये सहा जित्या म्हाताऱ्या होत्या, माझ्या प्रश्नपत्रिका होत्या, मुलाचे फोटो होते. पण तो बोलत होता त्या एका गाण्याबद्दल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. बायको उठली, आत गेली, आणि या वेळी भांड्याचा आवाज आला. चहाचा. तीन कप घेऊन आली. मेस्त्रीने कपाकडे पाहिलं आणि दोन्ही हात मांडीखाली घातले. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पिंगुळीच्या त्या घरात परत जाऊन बसला होता तो.

"घेवा मेस्त्री," ती म्हणाली. "ता गाणा माका येता. आई भांडी घाशी तेव्हा म्हणी." आणि तिथेच उभी राहून, ट्रे हातात, ती गुणगुणायला लागली.

तीस वर्षांत माझी बायको माझ्यासमोर गायली नव्हती. मला डोळे पुसायचे होते. पण मेस्त्री खुर्चीवरून उडालाच. "थांबा! थांबा वयनी! मोबाईल खंय आसा? पयलो मोबाईल चालू करा. मास्तर, बघतास काय? मगे रडा!"

मी मोबाईल धरला. ती गायली. मध्ये एक ओळ विसरली, पुन्हा मागे जाऊन गायली. त्याने ती फाईल तिथल्या तिथे दोन जागी उतरवून घेतली, दोन्ही वाजवून पाहिल्या, आणि मग खाली बसून तो चहा प्यायला. थंडगार झाला होता. एका घोटात प्यायला आणि बशीसुद्धा चाटल्यासारखी साफ केली. संध्याकाळच्या गाडीने कसालला गेला.

उरलेल्या सहा जणींकडे बायको पुन्हा गेली. या वेळी वही माझ्याकडे आणि पिशवीही माझ्याकडे. प्रत्येक पडवीत माझा सत्कार झाला. एक म्हातारी म्हणाली, "मास्तरानी हरवल्यानी मां सगळा? मेल्या, शाळेत पोरांक काय शिकयतस?" हे वाक्यही रेकॉर्ड झालं. बायकोने ते कापू दिलं नाही. चार महिन्यांत सहाही जणी परत आल्या, गाणी थोडी बदलून, शिव्या वाढवून.

आणि आमचं नाव मेस्त्रीच्या यादीत गेलं. ढग गडगडला की फोन.

"मास्तर, प्लग?"

"काढलंय मेस्त्री."

"हातात आसा?"

एकदा मी खुर्चीत बसूनच म्हटलं, हातात आहे. तो म्हणाला, "वयनीक द्या फोन." त्या दिवसापासून मी उठून, प्लग उपसून, खरोखर हातात धरून सांगू लागलो. कितीदा वीज आमच्या माडांवर पडली, वाडीतले टीव्ही गेले, पण आमचा नवा कॉम्प्युटर शाबूत राहिला. फोन ठेवताना विचारायचा, "भियालास मां?" मी म्हणायचो, भियालंय. तो म्हणायचा, "बरा झाला," आणि पुढच्या घराला फोन लावायचा.

गेल्या भाद्रपदात तो गेला. झोपेत. चित्रकलेच्या सरांनी सांगितलं. आम्ही दोघं कसालला गेलो. खोलीत लोकांचे सात-आठ डबे दुरुस्तीला आलेले होते आणि प्रत्येकावर एक कागद चिकटवलेला. त्याच्या वाकड्या अक्षरात आतल्या वस्तूंची नावं, म्हणजे त्या त्या घराचं गाऱ्हाणं. एकावर लिहिलं होतं, 'नातवाचो पयलो दात. फोटो.' खाली रेघ मारून, 'कॉपी केलंय. दोन.' त्याचा भाऊ एकेक डबा ज्याचा त्याला परत करत होता. बायको ते कागद वाचत बराच वेळ उभी होती.

मग परतीचा पाऊस आला. दुपारी चारची वेळ. आम्ही पडवीत बसलो होतो, मोबाईल मधल्या स्टुलावर. समुद्राच्या बाजूने काळं झालं आणि पहिला गडगडाट झाला. आम्ही दोघांनीही मोबाईलकडे पाहिलं. मी उठलो नाही. फोन वाजल्यावरच उठायची सवय. दुसरा गडगडाट जवळ झाला. मी तसाच बसून त्या मुक्या मोबाईलकडे बघत राहिलो.

बायको आत गेली. परत आली ती दारात उभी राहिली. मुठीत कॉम्प्युटरचा प्लग, मागे वायर लोंबतेय. स्टुलावरच्या मोबाईलकडे बघून म्हणाली, "हातात आसा, मेस्त्री."